साथीच्या काळातील वैद्यक विद्यार्थी

साथींचा इतिहास आपण वाचतो तो मृतांच्या आकड्यांचा, लशींचा आणि नामांकित डॉक्टरांचा. त्याच दिवसांत डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांच्या मनाचे व अभ्यासाचे काय झाले, हे त्यात क्वचितच सापडते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागातील प्लेग ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. हे गृहस्थ मूळचे आपल्या शेजारच्या गोव्याचे आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचे माजी विद्यार्थी. त्याच कॉलेजात डॉ. हाफकिन यांनी लशीचे काम आरंभिले. तीन महिने अहोरात्र काम चालले. एका मदतनिसाच्या मनाने हाय खाल्ली, दोघे काम टाकून निघून गेले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लस स्वतःला टोचून घेतली, हे सर्वांना ठाऊक आहे; त्या मदतनिसाची हकीकत मात्र कोणी सांगत नाही.

हिजरी १८ च्या सुमारास हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवरून साथीची वार्ता ऐकून परत फिरले. हजरत अबू उबैदा (रजि.) आपल्या फौजेबरोबर तेथेच राहिले व त्या साथीत निधन पावले. साथीच्या मुलखात जाऊ नये आणि तेथे असल्यास पळू नये, ही हुजूरांची (स.) शिकवण आपण जाणताच. मार्च २०२० मध्ये या दोन्ही गोष्टी वैद्यक विद्यार्थ्यांच्या वाट्याला एकदमच आल्या. खालच्या वर्गांची मुले वसतिगृह सोडून घरी आली. इंटर्न मात्र वॉर्डातच राहिले.

घरी आलेल्यांची स्थिती सुखाची होती असे समजू नका. शवविच्छेदन मोबाईलच्या पडद्यावर कसे शिकावे? आमच्या तिलारी खोऱ्यात तर रेंजसाठी टेकडी गाठावी लागे. त्यांच्या मागून येणाऱ्यांची नीट परीक्षा ३ मे वरून २६ जुलै आणि मग १३ सप्टेंबर २०२० अशी ढकलली गेली. बारावी झालेले मूल वर्षभर तीच पुस्तके उघडते, तेव्हा त्याच्या मनावर काय परिणाम होतो, हे आम्हां शिक्षकांना सांगावयास नको.

वॉर्डातल्यांचे हाल निराळे. ३ मे २०२१ रोजी केंद्राने इंटर्न व अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही कोविडच्या कामास घेण्याचे ठरविले. त्याच महिन्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातील ऑक्सिजनचा तुटवडा उच्च न्यायालयापुढे गेला. दोडामार्गचा रोगी नेहमी तिकडेच जातो, म्हणून ते दिवस आपल्या घरोघरी आठवतात. रोग्याला श्वास मिळत नाही आणि आपल्या हाती काही नाही, हे तिथल्या तरुण डॉक्टरांनी विशी-पंचविशीत पाहिले.

पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षाही १८ एप्रिलवरून ११ सप्टेंबर २०२१ वर गेली आणि समुपदेशन जानेवारी २०२२ पर्यंत रखडले. नवी तुकडी न आल्याने जुन्या निवासी डॉक्टरांवर दुप्पट भार पडला.

२०२४ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने ऑनलाइन पाहणी केली. तीत पदवीच्या १६.२ टक्के विद्यार्थ्यांनी वर्षभरात आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगितले. हा सारा दोष साथीचा नव्हे, हे खरे. तथापि निवासी डॉक्टरांना आठवड्यास ७४ तासांहून अधिक काम नको आणि एक दिवस सुटी हवी, एवढी साधी गोष्टही त्या कृतिदलाला लेखी सुचवावी लागली.