व्यायामाची वेळ : ब्राह्ममुहूर्तापासून रातपाळीपर्यंत

व्यायाम कोणत्या वेळी करावा, हा प्रश्न आपल्या समाजात सहसा कोणी विचारीत नाही. कारण त्याचे उत्तर घरोघरी ठरलेले असते. पहाटे उठावे, मारुतीला नमस्कार करावा आणि जोर-बैठका काढाव्या. ज्याने सूर्य डोक्यावर आल्यावर अंथरूण सोडले त्याच्या हातून व्यायाम व्हायचा नाही, अशी आपली पक्की समजूत आहे. या समजुतीमागे अनुभव आहे, शास्त्र आहे आणि मोठी परंपराही आहे. परंतु ही परंपरा ज्या दिनक्रमात रुजली, तो दिनक्रमच ज्यांच्या वाट्याला येत नाही, अशा आपल्या असंख्य बांधवांनी या उत्तराचे काय करावे? त्या दृष्टीने या परंपरेचा इतिहास पुन्हा एकदा पाहणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

सुरतेच्या दक्षिणेस मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उधना आणि सचीन या स्थानकांच्या मध्ये भेस्तान हे स्थानक लागते. एके काळचे हे खेडे आता सुरत महानगरात सामावून गेले आहे. शेजारीच पांडेसरा येथील औद्योगिक वसाहत आहे आणि आसमंतात यंत्रमाग व कापड रंगविण्या-छापण्याचे कारखाने यांची गर्दी आहे. उधन्याहून तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, अमळनेर करीत जळगावास जो लोहमार्ग जातो, त्या मार्गाने खानदेशातील कितीतरी कुटुंबे या भागात पोटापाण्यासाठी आली. यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात आणि माग रात्रीही थांबत नाहीत. ज्या पहाटे गावाकडचा भाऊ तालमीत उतरतो, त्याच पहाटे भेस्तानचा भाऊ मागापाशी उभा असतो. ‘पहाटे व्यायाम करा’ हा उपदेश एकाला सोपा आणि दुसऱ्याला अशक्य आहे.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येचा स्वतंत्र अध्याय आहे. निरोगी मनुष्याने ब्राह्ममुहूर्तावर उठावे, असे सांगून तो मुखशुद्धी, अभ्यंग, व्यायाम, उटणे आणि स्नान असा क्रम लावतो. व्यायाम स्नानापूर्वी आणि अन्नापूर्वी येतो. म्हणून तो ओघानेच सकाळचा ठरतो. मात्र या ग्रंथकारांचा खरा कटाक्ष घटकेपेक्षा मात्रेवर आहे. थंडीत आणि वसंतात बलवान माणसाने आपल्या निम्म्या शक्तीइतकाच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहूनही कमी, असे वाग्भट सांगतो. श्वास तोंडावाटे येऊ लागला की निम्मी शक्ती खर्ची पडली असे समजावे, ही सुश्रुताची खूण आहे. बालकाने, वृद्धाने आणि ज्याला अन्न पचलेले नाही अशाने व्यायाम टाळावा, असेही बजावले आहे. अतिरेक करणाऱ्याला तर हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाचा दृष्टान्त दिलेला आहे. म्हणजे वेळ ठरविताना माणसाचे बल, वय, ऋतू आणि पोटातले अन्न या चार गोष्टी पाहाव्यात, हे या शास्त्राचे सार होय. आम्ही मात्र पहाट तेवढी लक्षात ठेवली आणि हे चार विवेक विसरलो.

ब्राह्ममुहूर्ताविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुहूर्त म्हणजे दोन घटका, अर्थात 48 मिनिटे. आणि ब्राह्ममुहूर्त हा रात्रीचा शेवटून दुसरा मुहूर्त. तो सूर्योदयापूर्वी 96 मिनिटांनी सुरू होतो. सुरतेस जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीत सव्वासातच्याही पुढे. तेव्हा ब्राह्ममुहूर्त उन्हाळ्याच्या अखेरीस साडेचारच्या आधी लागतो आणि ऐन थंडीत पावणेसहाच्या सुमारास. बारा महिने चारच्या ठोक्याला उठणे ही घड्याळाची शिस्त झाली. पूर्वजांची शिस्त सूर्याबरोबर सरकत होती. गोमंतकातील देवळात पहाटेचा चौघडा झडतो आणि आपल्याकडे कार्तिकात काकड आरती होते, त्यांचाही मूळ संकेत सूर्याशीच जोडलेला आहे.

मल्लविद्येचा इतिहास हेच सांगतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या विनोदाचे प्रकरण आहे. त्यात भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, स्तंभश्रम अशी श्रमांची विभागणी आढळते; वजन उचलणे, चालणे, पोहणे आणि खांबावरची मेहनत ही सारी त्या काळी मल्लाच्या शिक्षणात होती. गुजरातेतील मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांचे ‘मल्लपुराण’ बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने 1964 मध्ये प्रसिद्ध केले, तेही याच विद्येचे आहे. कोल्हापूरच्या तालमींतून आजवर चालत आलेला क्रम पाहिला तर पहिलवानाचा दिवस दोन वेळांवर उभा असलेला दिसतो. पहाटे उठून लाल मातीच्या हौदात उतरायचे. मग खुराक आणि दुपारची झोप. आणि ऊन उतरल्यावर पुन्हा जोर-बैठकांची मेहनत. पहाट आणि संध्याकाळ यांच्यामध्ये विश्रांतीचा मोठा पट्टा आहे, हे ध्यानात घ्यावे. दुधा-तुपाचा खुराक आणि दुपारची निवांत झोप मिळावी म्हणून कोणीतरी पहिलवानाला पोसत होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला आणि 1912 मध्ये खासबागचे मैदान उभे राहिले. बडोद्यास गायकवाडांनी मल्लांचा प्रतिपाळ केला. पहाटेच्या मेहनतीमागे राजाश्रयाची दुपार उभी होती.

समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात ठिकठिकाणी मारुतीची स्थापना केली. पुढे देऊळ आणि तालीम यांचे असे साहचर्य जडले, की तालमीत मारुतीची मूर्ती किंवा तसबीर नाही असे सहसा आढळत नाही. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या नावारूपास आणली. या साऱ्या काळात व्यायामाची वेळ हा तंट्याचा विषय नव्हता, कारण दिवस माणसाच्या हाती होता. शेतकरी, सैनिक, भिक्षुक, सारे सूर्याबरोबर उठत आणि दिवेलागणीनंतर लवकरच निजत.

हा दिवस माणसाच्या हातून सुटला तो गिरण्यांच्या काळात. 1905 च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांतून विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळला की काम थांबते, हा अनादि नियम मोडला. कामाचे तास पंधरापर्यंत लांबले. 1906 च्या जानेवारीत सरकारने प्रमाण वेळ लागू केली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा 39 मिनिटांनी पुढे होती. घड्याळाचा काटा पुढे सरकला म्हणजे अंधारातच भोंग्याला हजर राहणे आले, म्हणून मुंबईच्या गिरणी कामगारांनी तेव्हा विरोध केला. ही हकीगत आज कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु पहाट कोणाच्या मालकीची, असा तो प्रश्न होता. पुढे 1911, 1922, 1934 आणि 1946 साली कायदे होत होत कामाचे तास उतरले, आणि 1948 च्या कायद्याने आठवड्यास 48 तासांची मर्यादा घातली. मुंबईच्या गिरणगावात व्यायामशाळा फोफावल्या, त्यांना या उतरलेल्या तासांचा आधार होता. पाळी संपल्यावर अंगात थोडे बळ आणि हाताशी थोडी संध्याकाळ उरली, तरच माणूस तालमीकडे वळतो.

याच काळात व्यायामविचाराचे केंद्र बडोद्याकडे सरकले. जुम्मादादा या मुसलमान उस्तादांचे मराठी शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी गुरूंच्या नावाने व्यायाममंदिर चालविले. शिष्याने गुरूचे नाव दारावर कोरावे, ही गोष्ट आजही स्मरण्याजोगी आहे. त्यांच्या हाताखाली तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे हे मूळचे गुजरातेतील डभोईस 1883 मध्ये जन्मलेले. त्यांनी अमळनेर येथे अध्यापन केले, नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासांकडून योग शिकला आणि स्वामी कुवलयानंद या नावाने 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. भेस्तानच्या खानदेशी वाचकाने हे लक्षात घ्यावे, की ज्या लोहमार्गाने तो सुरतेस आला, त्याच मार्गावरील अमळनेरात या विचाराची एक पायरी रचली गेली. कुवलयानंदांनी योगक्रियांची परीक्षा प्रयोगशाळेत घेतली. केवळ ‘शास्त्रात आहे’ एवढ्यावर ते थांबले नाहीत.

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी आधी सँडोच्या पद्धतीचा व्यायाम करीत. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि संस्थानातील शाळांतून त्यांनी त्याचा प्रसार केला. सूर्यनमस्काराला साहित्य लागत नाही, जागा हातभर पुरते आणि वेळ थोडा. राजाने पुरस्कारलेला हा व्यायाम गरिबाला सर्वांत सोयीचा ठरला. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी 1966 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या योगविषयक ग्रंथात तर पहाट आणि संध्याकाळ या दोन्ही वेळा मान्य केल्या आहेत. पहाटे मन ताजे पण शरीर ताठर, संध्याकाळी शरीर मोकळे, असा त्यांचा अनुभव आहे.

आधुनिक शरीरशास्त्र या अनुभवाला दुजोरा देते. शरीरात दिवसरात्रीची एक लय असते. तिचे पेशींतील यंत्र उलगडून दाखविणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीराचे तापमान पहाटेच्या सुमारास सर्वांत कमी असते आणि उतरत्या दुपारी व सायंकाळी सर्वांत अधिक. त्यामुळे स्नायूंचे बळ आणि सांध्यांची लवचिकता बहुधा संध्याकाळी अधिक आढळते. हृदयविकाराचे झटके सकाळच्या प्रहरी अधिक येतात, हेही दिसून आले आहे. म्हणून प्रौढाने पहाटे उठून एकदम जोर काढण्याऐवजी आधी अंग तापवावे. उलटपक्षी, सकाळी व्यायाम करणाऱ्याच्या मार्गात दिवसाची कामे आडवी येत नाहीत, म्हणून त्याचा नेम टिकतो. तात्पर्य, सर्वांना सारखी लागू पडणारी एकच वेळ शास्त्राने सांगितलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला. तो अमुक घटकेलाच करा, असे बंधन घातले नाही.

मग भेस्तानच्या माणसाने काय करावे? दिवसपाळी असेल तर पहाटेचे सूर्यनमस्कार त्याला साधतील. परंतु मागापाशी बारा तास उभे राहायचे आहे हे ध्यानी धरून निम्म्या शक्तीचा नियम त्याने कसोशीने पाळावा. रातपाळी करून सकाळी घरी आलेल्याने व्यायामाच्या मोहात झोप मोडू नये; त्याचा ब्राह्ममुहूर्त झोप पुरी झाल्यावर, उतरत्या दुपारी येतो. तेव्हा पोट हलके असताना, कामावर जाण्यापूर्वी त्याने थोडा व्यायाम करावा. थंडीत पहाटेची थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि धूर वर जाऊ देत नाही. कारखान्यांच्या वस्तीत अशा वेळी धापा टाकीत धावण्यापेक्षा ऊन वर आल्यावर चालणे बरे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यापूर्वीच्या दमट दिवसांत मात्र मध्यान्ह कटाक्षाने टाळावा. आणि कामाचे श्रम म्हणजेच व्यायाम, या समजुतीत राहू नये: माग माणसाला दमवितो, पण त्याचे सर्वांग घडवीत नाही.

एवढे सांगूनही प्रश्न पुरता सुटत नाही. बारा तासांच्या पाळीत व्यायामाची वेळ शोधणे म्हणजे झोपेच्या किंवा मुलांच्या वाट्याची वेळ काढून घेणे होय. जुन्या पहिलवानाला राजाने दुपार दिली होती. गिरणी कामगाराला कायद्याने संध्याकाळ दिली होती. यंत्रमागावरच्या माणसाला ही वेळ कोण देणार? काम देणाऱ्यांनी आणि सरकारने आपले कर्तव्य करावेच. परंतु आपल्या देवस्थानांनाही यात करण्यासारखे काही आहे. मारुतीच्या देवळालगतची जागा पहाटेपुरती न उघडता तिसऱ्या प्रहरीही उघडावी. जो पहाटे येत नाही त्याला आळशी म्हणण्यापूर्वी तो रात्रभर कोठे होता, हे विचारावे. पूर्वजांनी पहाट निवडली ती त्यांच्या दिवसाकडे पाहून. त्यांचे खरे अनुकरण करावयाचे, तर आपणही आपल्या माणसांच्या दिवसाकडे पाहूनच वेळ ठरविली पाहिजे.