अडलेली लेखणी आणि केडगावचा छापखाना



यंदा आमच्या वाट्याला आलेला विषय वरवर पाहता अगदी घरगुती आहे. लिहावेसे वाटते, पण लिहून होत नाही. याला उपाय काय? शिरूर-दौंड भागात या दुखण्याने त्रासलेली पुष्कळ माणसे आम्हांस भेटतात. कोणा निवृत्त शिक्षकास गावचा इतिहास लिहावयाचा असतो. कोणा गृहिणीस आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून ठेवावयाच्या असतात. नवी वही आणली जाते, पहिल्या पानावर 'श्री' काढला जातो, चार पाने होतात आणि वही फडताळात जाते. आमच्याही फडताळात अशा दोन वह्या आहेत. तेव्हा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. इतिहासात मात्र एक दाखला आहे, आणि तो शोधण्यास फार दूर जावे लागत नाही.

शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याच्या रस्त्याला लागावे. भीमा ओलांडली की आपण दौंड तालुक्यात येतो आणि थोड्याच वेळात केडगाव लागते. पुणे-दौंड लोहमार्गावरचे हे लहानसे स्टेशन. येथेच पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. रमाबाईंची विद्वत्ता आणि त्यांची समाजसेवा यांविषयी आपण ऐकले आहे. त्यांचे धर्मांतर आणि त्यावरून उठलेले वादळ हेही आपणांस ठाऊक आहे. त्या वादाचा निवाडा करण्याचा आमचा आज हेतू नाही. रमाबाईंची लेखणी केव्हा चालली, केव्हा थांबली आणि पुन्हा कशाने चालू लागली, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या माऊलीने, लक्ष्मीबाईंनी, भल्या पहाटे मुलीला जवळ घेऊन श्लोक पाठ करून घेतले. पुराण सांगत हे कुटुंब देशभर पायी हिंडले. दुष्काळाच्या काळात आई, वडील व थोरली बहीण गेली. उरलेली बहीणभावंडे १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीस 'पंडिता' म्हटले. पुढे भाऊ गेला, विवाहानंतर दोन वर्षांच्या आत पतीही गेले, आणि १८८२ साली तान्ह्या मनोरमेस घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी 'स्त्रीधर्मनीति' हे पहिले पुस्तक लिहिले.

हे पुस्तक कशासाठी लिहिले गेले? स्त्रियांस बोध करावा हा हेतू होताच. पण रमाबाईंना विलायतेस जाऊन शिकावयाचे होते आणि त्या प्रवासाला पुस्तकाच्या विक्रीच्या पैशाचा आधार झाला. भाषा संस्कृतप्रचुर होती. यात नवल नाही, कारण त्यांची विद्या संस्कृताची आणि बालपण महाराष्ट्राबाहेरच्या वाटांवर गेलेले. दुसरे पुस्तक 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे १८८७ साली अमेरिकेत फिलाडेल्फियास निघाले. ज्यांच्या पदवीदानासाठी रमाबाई तेथे गेल्या होत्या त्या डॉ. आनंदीबाई जोशी त्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यास वारल्या. हिंदुस्थानातील बालविधवांसाठी शाळा काढावयाची तर अमेरिकन लोकांस त्यांची स्थिती कळली पाहिजे, म्हणून हे पुस्तक इंग्रजीत लिहिले आणि आईच्या स्मृतीस वाहिले. तिसरे १८८९ चे, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. हे पुन्हा मराठीत होते. तिकडचे लोक राज्य कसे चालवितात, तेथील स्त्रिया काय करतात, हे घरच्या माणसांस सांगण्याची उत्कंठा त्यात आहे.

सात वर्षांत तीन पुस्तके, आणि तीही मृत्यू, प्रवास व पैशाची चणचण यांच्या गर्दीत. स्वस्थता मिळाली म्हणजे लिहू, असे आपण म्हणतो. रमाबाईंना ती कधीच नव्हती. प्रत्येक पुस्तकापुढे मात्र एक ठरावीक वाचक उभा होता आणि त्याला सांगण्याची निकड होती.

यानंतर लेखणी अडली. १८८९ नंतर अनेक वर्षे मराठी वाचकांसाठी त्या तोडीचे पुस्तक रमाबाईंच्या हातून झाले नाही. कामाचा व्याप हे एक कारण खरेच. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. पण आमच्या मते दुसरे कारण अधिक खोल आहे. १८८३ साली विलायतेत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. शारदासदनातील मुलींवर त्या धर्माची छाया पडते असा आरोप होऊन पुण्यात रण माजले आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. ज्या रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिच्या पुण्याईने आज आम्ही येथे बोलत आहो, आणि ज्यांनी १८८२ साली रमाबाईंचे स्वागत केले होते, तेच हे रानडे. ते दूर झाले आणि त्यांच्याबरोबर तो सुशिक्षित मराठी वाचकही दूर झाला, ज्याच्यासाठी रमाबाईंनी प्रवासवृत्त लिहिले होते. दोष कोणाचा हे ज्याने त्याने ठरवावे. पण आपले लिहिणे उघडून पाहणारे कोणी उरले नाही असे वाटू लागले म्हणजे शाई सुकते, हा अनुभव लहान-मोठ्या सर्व लेखकांचा आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि अन्नाला मोताद झालेल्या बायका-मुलींस घेऊन आल्या. केडगावी माळरानाची शंभरेक एकर जमीन त्यांनी घेतलीच होती. विहिरी खणल्या गेल्या, झोपड्या उठल्या. १९०० च्या दुष्काळानंतर गुजराथेतल्या मुलीही आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. येथे माग होते, तेलाचे घाणे होते, गोठा होता आणि छापखाना होता. अंध मुलींस बोटांनी वाचावयास मनोरमाबाईंनी शिकविले. ज्यांनी कधी पाटी पाहिली नव्हती अशा शेकडो जणी अक्षरे गिरवू लागल्या. एक वाचक रमाबाईंना सोडून गेला होता. आता त्यांनी आपल्या हातांनी दुसरा घडविला.

या वाचकासाठी त्यांनी १९०५ च्या सुमारास संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. मराठी बायबल पूर्वीपासून होते, पण त्याची भाषा या बायकांस जड जाते असे रमाबाईंना वाटे. त्यासाठी पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. विचार करा, 'स्त्रीधर्मनीति' संस्कृताच्या भाराने वाकलेल्या मराठीत लिहिणारी ही पंडिता आता नुकत्याच वाचू लागलेल्या बाईला कोणता शब्द कळेल याचा शोध घेत बसली होती.

थोडा हिशेब मांडू. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. रमाबाई १९२२ साली वारल्या. सतरा वर्षे धरली तर वर्षाला सत्तर अध्याय, म्हणजे आठवड्याला सरासरी सव्वा ते दीड अध्याय पडतो. हा वेग काही डोळे दिपविणारा नाही. आपल्यापैकी कोणीही आठवड्याला तेवढी पाने लिहू शकेल. कठीण आहे ते सतरा वर्षे न सोडणे. या काळात त्यांना ऐकू कमी येत होते, शरीर थकत चालले होते आणि शेकडो जणींच्या रोजच्या भाकरीची जबाबदारी डोक्यावर होती.

मग हे तडीस कसे गेले? रमाबाईंची श्रद्धा हे पहिले कारण, यात शंका नाही. पण छापखान्याचाही त्यात वाटा आहे, असे आम्ही म्हणतो. देवनागरीची जुळणी म्हणजे काना, मात्रा, रफार, जोडाक्षरे मिळून शेकडो खिळे. ते एकेक वेचून ओळ भरावयाची, मुद्रित काढावयाचे, दुरुस्त करून पुन्हा जुळवावयाचे. ही सारी कामे मुक्तिसदनातील स्त्रियाच करीत. ज्यांच्यासाठी लिहावयाचे त्याच खिळे घेऊन बसलेल्या! मजकूर आला नाही तर त्यांचे हात रिकामे राहणार. अशा वेळी आज सुचत नाही असे म्हणणे अवघड जाते.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. आईच्या मागे संस्थेचा भार ज्या वाहणार होत्या त्याच गेल्या. चाळिशीतल्या मुलीचे दुःख उरात घेऊन रमाबाई कामास बसल्या. शेवटची मुद्रिते तपासून झाली आणि लगेच त्यांनी डोळे मिटले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तो दिवस ५ एप्रिल १९२२. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. तो रमाबाईंना पाहावयास मिळाला नाही.

आता एक अप्रिय प्रश्न विचारलाच पाहिजे. या भाषांतराचा प्रसार बायबल सोसायटीच्या भाषांतराइतका कधी झाला नाही. मग सतरा वर्षे वाया गेली काय? आम्हां मराठी वाचकांस दुसरीही हळहळ वाटते. प्रवासवृत्त लिहिणाऱ्या त्या लेखणीने स्वतःचे सविस्तर आत्मचरित्र मराठीत लिहिले असते तर? १९०७ साली आपल्या जीवनाची हकिगत त्यांनी सांगितली ती इंग्रजीत, आणि थोडक्यात. त्यांच्या मागून लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या बाईने हप्त्याहप्त्याने आठवणी सांगितल्या आणि मराठी भाषेला एक अमोल पुस्तक मिळाले. तेथेही पुढच्या हप्त्याची वाट पाहणारे कोणीतरी होते. रमाबाईंच्या आत्मकथेची मराठीत अशी वाट कोणी पाहिली नाही. म्हणून तिच्या अभावाचा दोष एकट्या त्यांच्या माथी मारता येत नाही. वाचक म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीकडेही तो थोडा जातो.

आणि सतरा वर्षांविषयी म्हणाल, तर ज्या बाईने खिळे जुळवीत तो मजकूर अक्षर न् अक्षर वाचला, तिच्यापुरते ते लिहिणे पोहोचले होते. ग्रंथाच्या खपावरून एवढी गोष्ट मोजता येत नाही.

फडताळातल्या वहीचे काय करावे, याचे उत्तर आम्हांस येथे सापडते. निवृत्त गुरुजींनी गावचा इतिहास जगासाठी लिहू नये; तालमीत किंवा देवळाच्या ओट्यावर बसणाऱ्या चौघांसाठी लिहावा आणि दर शनिवारी दोन पाने त्यांना वाचून दाखवावीत. ओव्या उतरविणाऱ्या बाईने त्या नातीला सांगाव्यात आणि नातीनेच लिहून घ्याव्यात. पुढच्या शनिवारी कोणीतरी विचारील, "पुढे काय झाले?" त्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागेल म्हणून लेखणी उचलावी लागेल. आमच्या दोन वह्यांपैकी एक आम्ही या व्याख्यानाच्या तयारीत बाहेर काढली आहे. पुढील वर्षी आपण आम्हांस तिच्याविषयी अवश्य विचारावे, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.