चौपट की नऊपट?

गेल्या दिवाळीत पुतण्याने मला एक दुर्बीण आणून दिली. "काका, वीसपट मोठं दिसतं!" पक्षी बघण्याचा माझा नाद त्याला माहीत आहे. गच्चीवर जाऊन लावली डोळ्याला, तर समोरच्या पिंपळाची दोन-चार पानं तेवढी दिसली, आणि तीही भूकंप झाल्यासारखी हलत होती. फांदीवरचा हळद्या शोधेपर्यंत तो उडून गेला. पुतण्याला वाटलं, काकांचे हात थरथरतात. ते थरथरतात हे खरंच, पण दोष सगळा हातांचा नव्हता.

या निमित्ताने मला एक जुना विषय आठवला. शाळेत इतिहास आणि मराठी शिकवताना कॉर्बेटच्या नरभक्षकांच्या गोष्टी मी मुलांना ऑफ तासाला सांगत असे. एकदा सातवीतल्या एका मुलाने विचारलं होतं, "सर, कॉर्बेट दुर्बिणीची बंदूक का वापरत नव्हता?" तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. खरं उत्तर शोधायला निवृत्ती उजाडावी लागली.

बंदुकीवर दुर्बीण बसवणं काही नवं नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) दक्षिणेकडच्या नेमबाजांकडे व्हिटवर्थ रायफली होत्या. त्यांतल्या काहींच्या डाव्या अंगाला डेव्हिडसन नावाची चौपट दुर्बीण बसवलेली असे. हे कर्नल डेव्हिडसन आपल्या मुंबई लष्करातले! पण त्या दुर्बिणी नाजूक होत्या. पाणी आत जाई, धक्क्याने नेम सरके. १९२२ साली जर्मनीत झाइसने एकपटीपासून चौपटीपर्यंत बदलता येणारी दुर्बीण काढली. १९३० मध्ये अमेरिकेत वीव्हरने साध्या माणसाला परवडेल अशी तिप्पट दुर्बीण विकायला आणली. १९४७ साली ल्युपोल्डने नळीत नायट्रोजन भरून आत धुकं धरणं थांबवलं. त्यानंतर अमेरिकन शिकाऱ्यांत तीन ते नऊपट ही जणू ठरलेली मापं झाली. आणि मग सुरू झाला तो वाद: किती पट चांगली?

सर्वसाधारण समजूत अशी की जितकी जास्त तितकी चांगली. मोठं दिसलं की नेम चांगला लागणार, नाही का? इथेच घोटाळा आहे. दुर्बीण मोठं दाखवते, पण थोडंच दाखवते. शंभर यार्डांवर चौपट दुर्बिणीतून साधारण तीस फूट रुंदीचा पट्टा दिसतो. नऊपटीतून बारा-चौदा फुटांचाच. शिवाय हाताची थरथर तीच असली तरी ती नऊपट दिसते. माणूस बिचकतो, घोडा झटक्याने ओढतो, आणि गोळी जनावराच्या हृदयाऐवजी पोटात जाते.

अंधाराचं गणित तर आणखी गमतीचं. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागा; जो आकडा येतो तेवढ्या रुंदीचं प्रकाशाचं वर्तुळ तुमच्या डोळ्यापाशी पोचतं. चाळीस मिलिमीटरचं भिंग आणि नऊपट असेल तर वर्तुळ साडेचार मिलिमीटरहून कमी. तीच दुर्बीण चौपटीवर आणली तर दहा. तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणून जर्मनीतले शिकारी चांदण्या रात्री मचाणावर रानडुकराची वाट बघत बसतात तेव्हा आठपट आणि छपन्न मिलिमीटरचं भिंग घेतात. छपन्न भागिले आठ, सात! आमच्या वयात मात्र बाहुली पाचापर्यंत उघडली तरी नशीब म्हणायचं. वरून कितीही प्रकाश ओतला तरी भांडंच लहान. (गणिताच्या सरांनी हे उदाहरण वर्गात दिलं असतं तर मला भागाकार जरा लवकर आला असता. असो.)

आता कॉर्बेटकडे येऊ. १९०७ साली त्याने चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. मेल्यावर तिचं तोंड उघडून पाहिलं, तर उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा दोन्ही सुळे मोडलेले. कुणाच्या तरी बंदुकीची जुनी जखम. त्या माणसाचा नेम चुकला, जनावर निसटलं, नेहमीची शिकार तिला साधेना, आणि ती माणसांकडे वळली, असं कॉर्बेटने लिहून ठेवलं आहे. कुणी गोळी घातली, केव्हा, काही कळलेलं नाही. त्याला बहुधा जन्मभर पत्ताही लागला नसेल. मोठ्या जनावराच्या शिकारीत नेमाचा प्रश्न हौसेचा का नाही, हे मला तरी या दोन दातांवरून कळलं.

त्याच वाघिणीच्या शेवटच्या क्षणी कॉर्बेटजवळच्या गोळ्या संपल्या. त्याने धावत जाऊन तहसीलदारांची बंदूक घेतली. जुनी, खिळखिळी. वीस फुटांवरून उघड्या जबड्याचा नेम धरला आणि लागलं ते पंजाला! वाघीण आधीच्याच गोळ्यांनी मेली.

त्याच्या बहुतेक गाठीभेटी अशाच हातभर अंतरावरच्या. एप्रिल १९३० मध्ये चौगढच्या वाघिणीशी गाठ पडली तेव्हा डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती. खडकाआड वळला तर वाघीण आठ फुटांवर. रायफल एका हाताने, अगदी हळूहळू तिच्याकडे वळवत नेली आणि गोळी झाडली. मी कागदावर हिशेब करून पाहिला: चौपट दुर्बिणीतून आठ फुटांवर फार तर दहा इंच दिसणार, आणि तेही धुरकट. पिवळ्या केसांचा एक ठिपका! खांदा कुठे, डोकं कुठे, काही कळलं नसतं. रुद्रप्रयागच्या बिबट्याला (१९२६) त्याने आंब्याच्या झाडावरून मारलं ते काळोखात, बकरीच्या गळ्यातल्या घंटेच्या आवाजावर आणि रायफलला बांधलेल्या बॅटरीच्या उजेडात. गोळी सुटली आणि बॅटरी विझली. तिथे हवा होता उजेड. पट वाढवून तो थोडाच येतो?

म्हणूनच आफ्रिकेत रानरेडा किंवा हत्ती यांच्यामागे जाणारे आजही एक ते चारपटीची दुर्बीण पसंत करतात, आणि झुडपांत शिरताना ती एकपटीवर आणून ठेवतात. पहाडी मेंढ्यांसाठी दरीपलीकडे बघायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे नऊपट कामाला येते. मला वाटतं, यातली खरी अडचण दुसरीच आहे. माणूस दुकानात उभा राहून दुर्बीण निवडतो तेव्हा त्याला रस्त्यापलीकडची पाटी दिसत असते, रान दिसत नसतं.

एका गोष्टीत मात्र दुर्बीण म्हाताऱ्यांची मैत्रीण आहे, पट कितीही असो. साध्या बंदुकीत मागची खाच, नळीच्या टोकावरचा मणी आणि लांबचं जनावर अशा तीन अंतरांवर डोळा फिरवावा लागतो. चाळिशी लागली की ते जमत नाही. दुर्बिणीत नेमाची फुली आणि जनावर एकाच पडद्यावर आल्यासारखे दिसतात. कॉर्बेट १८७५ चा. म्हणजे चौगढच्या वेळी चोपन्न वर्षांचा. त्या वयात मला फळ्यावरचं आणि हजेरीपटावरचं एकदम दिसत नसे, हे मी माझ्या विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवलं होतं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीला पूर्णविराम मिळाला, त्यामुळे हा वाद आता परदेशातल्यांनी घालावा. सातवीतला तो मुलगा आज पन्नाशीचा असेल. भेटला तर वहीतला तो दहा इंचांचा हिशेब दाखवीन म्हणतो.

पुतण्याची वीसपट दुर्बीण कपाटात आहे. तिला नावं ठेवलेली नाहीत, तो येतो तेव्हा बाहेर काढतो. गच्चीवर मी माझी जुनीच नेतो, आठपट आणि चाळीस मिलिमीटरची. चाळीस भागिले आठ, पाच. काल सकाळी पिंपळावर हळद्या दिसला, मादी असावी, पोटावर रेघा होत्या.