गवताच्या गठ्ठ्याची तार

साल 1905, ऐन हिवाळा. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या जंगलात, लाकूडतोड्यांच्या तळावर तुम्ही कंदील धरून उभे आहात. अजून उजाडलेलं नाही. तबेल्यात ओंडके ओढणारे घोडे खूर आपटताहेत. त्यांना गवत हवंय.

गठ्ठा यंत्रात दाबून, तारेनं आवळून आलाय. पक्कड लावा, पण तोंड बाजूला घ्या. तार तुटते तशी सणकन उसळते आणि वेटोळं होऊन तुमच्या हातमोज्यावर आदळते. ‘हे’ म्हणजे वाळलेलं गवत, ‘वायर’ म्हणजे तार. पुढे यंत्र बिघडो, बेत फिसकटो की डोकं फिरो, इंग्रजीत सगळं ‘हेवायर’ जाणार आहे. ती तार ही.

ती फेकू नका. घोड्याच्या साजाचा पट्टा तुटला, तार. धुराडं लोंबकळलं, तार. बाहेर बर्फावरच्या घसरगाडीचा चिरलेला दांडा जवळून पाहा. एकाला एक खेटून घट्ट वेढे, आणि टोक आत दुमडलेलं. घोड्याच्या पायाला ओरखडा निघू नये म्हणून. गारठलेल्या बोटांनी कुणी एवढा विचार केलाय.

अशाच माणसांना ‘हेवायर आउटफिट’ म्हणून हिणवतात. याच वर्षी अमेरिकेच्या सरकारी वनखात्यानं छापलेल्या शब्दसंग्रहात तो शब्द आहे: धड साधनं नसलेल्या लाकूडतोड्यांसाठी, तुच्छतेनं वापरायचा. मला हे फार लागतं. मोडलेली गाडी तारेनं चालती ठेवली, आणि मोडण्याला नाव पडलं तारेचं.

रात्री शेगडीपाशी टेकवलेली कुऱ्हाड हलवून बघा. उष्णतेनं दांडा आक्रसलाय, पातं डुगडुगतंय. घाव घालताना ते निसटलं तर कुणाच्या अंगावर जाईल, नेम नाही. संतापानं भान सुटलेला माणूस इंग्रजीत ‘दांड्यावरून उडतो’, तो असा. नोव्हा स्कोशियाच्या हॅलिबर्टन या लेखकानं हा वाक्प्रचार 1843 मध्येच छापलाय. यावरचा उपाय तुम्ही गावाकडे पाहिलेला आहे. पाचर मारा.

ठोकाठोकी ऐकून एक गाडीवान आत येतो. मिशीवर बर्फ, हातात तुटलेला लगाम. काही न बोलता तो हात पुढे करतो. सकाळची तार तुमच्या खिशात आहे. सरळ करून त्याला द्या.