मीठ निजामाचें, हुकूम रेसिडेंटाचा

परक्या राजाच्या पदरीं राहून त्याची फौज चालविणारा युरोपियन अंमलदार आमच्या इतिहासाला अपरिचित नाहीं. शिंद्यांकडे द बॉयन होता, निजामाकडे रेमंड होता. हे लोक पगार धन्याचा घेत आणि हुकूमही धन्याचाच मानीत. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जे इंग्रज अंमलदार नांदेड-लातूरच्या बाजूस निजामाच्या निशाणाखालीं वावरले, त्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांपैकीं ईव्हन डेव्हिस ह्या एकाचा वृत्तान्त येथें सांगावयाचा आहे. एखाद्या राज्याचें स्वातंत्र्य लढाईवांचून कसें जातें, हें त्यावरून चांगलें उमजतें.

सन १७९८ त रेमंड वारला व त्याच वर्षीं त्याची फ्रेंच वळणाची फौज इंग्रजांनीं मोडविली. पुढें १८०० च्या तहानें निजामावर एक अट पडली, ती अशी कीं, युद्धप्रसंगीं त्यानें आपले सहा हजार पायदळ व नऊ हजार स्वार इंग्रजांच्या मदतीस द्यावे. तैनाती फौज होतीच. तिच्याहून हें सैन्य वेगळें. ह्या अटींत सैन्य किती द्यावें हें होतें. त्यावर अंमलदार कोणाचे असावे हें नव्हतें. ती उणीव १८११ त आलेला रेसिडेंट हेन्री रसेल ह्यानें भरून काढली. निजामाची फौज कुचकामी आहे, तिला कवाईत शिकविली पाहिजे, असें म्हणत त्यानें तिच्यावर इंग्रज अंमलदार नेमले. 'रसेल ब्रिगेड' हें नांवच पुरेसें बोलकें आहे. निजाम सिकंदरजाह उदासीन होता आणि कारभारी राजा चंदूलाल रेसिडेंटाच्या मर्जीवर टिकून होता. मग नाहीं कोण म्हणणार?

१८१६ त घोडदळाची पाळी आली व तेथें डेव्हिस पुढें आला. हा मूळचा कंपनीच्या लष्करांतला. त्याच्या हाताखालचे स्वार जुन्या शिलेदारी पद्धतीचेच होते. घोडा व हत्यार घरचें, पगार सरकारचा. डेव्हिसानें त्यांना शिस्त लाविली. मुख्य म्हणजे पगार वेळेवर मिळूं लागला, आणि ज्या राज्यांत महिनोन्महिने पगार थकत, तेथें शिपायाला ह्याहून मोठी मोहिनी कोणती? १८१७ त खानदेशांत त्र्यंबकजी डेंगळ्याच्या पक्षाच्या सुमारें दोन हजार लोकांवर सहाशे स्वारांनिशीं तो तुटून पडला व जखमी झाला. लढाई पेशव्यांच्या मुलखांतली, हेतु कंपनीचा आणि स्वार निजामाचे, असा हा प्रकार होता.

पेशवाई बुडाल्यावर हदगांवच्या बाजूस, पैनगंगेच्या दक्षिणेकडील मुलखांत, नौसाजी नाईक ह्या हटकर सरदारानें निजामाचा अंमल झुगारून दिला. नोव्हा हें त्याचें ठाणें. आंत पांचशेंहून अधिक लोक असून त्यांत अरबांचा भरणा मोठा होता. जानेवारी १८१९ त मेजर पिटमन ह्यानें वेढा घातला. घोडदळ डेव्हिसाचें होतें. तीन आठवड्यांवर वेढा चालला. तोफा व सुरुंग लावून ३१ जानेवारीस किल्ला घेतला, तेव्हां आंतील चारशेंहून अधिक लोक कापले गेले. वेढा घालणाऱ्यांकडील ठार-जखमी मिळून सुमारें दोनशें. नौसाजीला कैद करून हैदराबादेस नेलें.

न्यायानें बोलावयाचें तर बंडाळी व अरबांचा धुमाकूळ मोडल्यामुळें रयतेला कांहीं स्वस्थता लाभली, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ती स्वस्थता निजामानें दिली असें कोणालाच वाटलें नाहीं. आपल्या फौजेनें मिळविलेला विजय ज्या राजाचा ठरत नाहीं, तो राजा नांवाचाच उरला.

डेव्हिसाचा अंत १८२७ त मोमिनाबादेस झाला. हेंच अंबाजोगाई, गांव बीड जिल्ह्यांतलें असलें तरी लातुराहून जवळ आहे. त्याला मारिलें तें कोणा शत्रूनें नव्हे, तर बंडावर आलेल्या त्याच्याच दलांतील स्वारांनीं. पगारानें शिस्त विकत घेतां येते. पण निष्ठा कोणाशीं ठेवावयाची, हें जेथें सेनापतीलाच धड सांगतां येत नाहीं, तेथें शिपायानें काय करावें? डेव्हिस शूर होता, ह्यांत शंका नाहीं. शौर्यानें मात्र हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता.

ह्या फौजेचा खर्च वर्षास सुमारें चाळीस लाख रुपये होता. पगार भागविण्यासाठीं पामर कंपनीचें कर्ज काढावें, त्याचें व्याज वाढावें, आणि फौज कमी करूं म्हटलें तर रेसिडेंटानें होऊं देऊं नये, असें चक्र फिरत राहिलें. अखेर १८५३ त डलहौसीनें थकबाकी पुढें करून वऱ्हाड, रायचूर दुआब व लातूरला लागून असलेला धाराशिव प्रांत निजामाकडून लिहून घेतला. धाराशिव व रायचूर १८६० त परत मिळाले; वऱ्हाडचा कारभार मात्र पुनः निजामाच्या हातीं आला नाहीं. नोव्ह्याचा किल्ला ज्या फौजेनें निजामाला जिंकून दिला, तिच्याच पगारापायीं त्याचे प्रांत गेले!

१९०३ त ही फौज हिंदी लष्करांत मिसळली. तिच्या कांहीं पलटणींचा वारसा पुढें हैदराबाद रेजिमेंटकडे आला व त्या रेजिमेंटचें नांव १९४५ त कुमाऊं रेजिमेंट झालें. तिच्या जुन्या रणगौरवांत नागपूर व महिदपूर ह्यांच्याबरोबर 'नोव्हा' हें नांवही आहे. निशाणावर नांव चढलें तें घेणाऱ्यांच्या पराक्रमासाठीं. ज्यांनीं तीन आठवडे किल्ला राखला, त्यांच्या वांट्याला असें निशाण नव्हतें. हदगांवकडील वाचकांनीं हें नांव वाचतांना दोन्ही बाजूंच्या मृतांची आठवण ठेवावी, एवढेंच आमचें सांगणें आहे. कारण तटाच्या आंत पडलेल्यांना आपण कोणासाठीं लढतों हें ठाऊक होतें. बाहेर पडलेल्यांना तें ठाऊक होतें असें आम्हांस म्हणवत नाहीं.