माळ्यावरची मंजुघोषा

लहानपणीं ज्या पुस्तकावर आपण रडलों तें पुस्तक साठ-सत्तर वर्षांनीं पुन्हां उघडावें कीं नाहीं, याविषयीं शहाण्या माणसांचा सल्ला ठरलेला आहे: उघडूं नये. मीं तो मोडला, याला कारण निव्वळ योगायोग. पावसाळा सरल्यावर माळ्यावरच्या पेटींतल्या पुस्तकांना ऊन दाखवावें म्हणून पेटी खालीं काढली, तों नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' सर्वांत वर निघाली. आणि पेटी दुपारभर तशीच उघडी राहिली.

मूळ ग्रंथ १८६८ सालचा. आमच्या घरची प्रत मागाहूनच्या कोणत्या तरी आवृत्तीची, कसरीनें कडा कुरतडलेली. मी दहा-अकरा वर्षांची असतांना, म्हणजे १९५६च्या सुमारास, हीच प्रत मीं आजीला वाचून दाखविली होती. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु उतरला होता. सकाळीं तिला पोथी वाचून दाखवावयाची, ती सर्वांच्या देखत. आणि दुपारीं सारें घर आडवें झालें म्हणजे कादंबरी, ती माजघरांत, हलक्या आवाजांत. 'मंजुघोषा' झाली, नाथमाधवांची 'वीरधवल' झाली, 'सोनेरी टोळी' झाली. राजकन्या संकटांत सांपडली म्हणजे माझा कंठ दाटून येई आणि पुढचें वाक्य वाचवत नसे. आजी मात्र कोरड्या डोळ्यांनीं वाट पाहत बसे. मधूनच ती एक प्रश्न विचारी. तो प्रश्न मला त्या वेळीं अगदीं अरसिकपणाचा वाटे. त्याविषयीं पुढें सांगेन.

आतां वाचतांना प्रथम आलें तें हंसूं. या जातीच्या पुस्तकांतलीं माणसें साधीं चालत नाहींत कीं साधें बोलत नाहींत. चंद्र उगवला कीं कोणी तरी विरहानें पोळून निघतें. खलपुरुष आपला बेत मनांत ठेवीत नाहीं. तो झाडाखालीं उभा राहून मोठ्यानें बोलतो, आणि ज्यानें तो ऐकावयास हवा तो नेमका झाडामागें असतो. अरण्यांत तपस्वी भेटतो, त्याच्याजवळ औषधि असते. मेलें असें वाटलेलें माणूस शेवटच्या प्रकरणांत उभें राहतें. नायिकेच्या मूर्च्छा मोजण्याचा मीं आरंभ केला होता. पुढें तो नाद सोडला. दहाव्या वर्षीं यांतली एकही गोष्ट मला खटकली नव्हती, आणि त्याबद्दल मला आज लाज वाटत नाहीं. बाहुलीला ताप आला म्हणून जी मुलगी रात्रभर जागते ती कांहीं फसलेली नसते.

हीं पुस्तकें आलीं कोठून? इंग्रजी अमदानींत छापखाने आले, शाळा आल्या आणि गद्य गोष्टीची भूक लागलेला नवा वाचक आला. १८६१ सालीं लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' निघाली. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकर 'अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठींत आणीत होते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. हळब्यांचीच 'रत्नप्रभा' १८६६ सालची. मग 'मंजुघोषा', आणि १८७० सालीं रिसबुडांचीच 'विश्वासराव'. एकीकडे बाणभट्ट, दुसरीकडे अरबी रात्री, अशा दोन दायांच्या हातून ही संतति जन्मास आली. तिला नांवही बाणभट्टाच्या नायिकेचेंच मिळालें. आरंभीं पुष्कळ लोक 'नावल' असेंच म्हणत. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं १८७२ सालीं या प्रकारावर निबंध लिहिला तोही 'नावल व नाटक' या जोडनांवानेंच.

याच्याही अगोदर, १८५७ सालीं, बाबा पदमनजी यांनीं 'यमुनापर्यटन' लिहिलें होतें. त्यांत ना राजपुत्र ना गुहा. हिंदु विधवांचे हाल त्यांनीं समोर मांडले. यमुना शेवटीं ख्रिस्ती धर्म स्वीकारते, म्हणून असेल, पण पुढच्या लेखकांनीं ती वाट धरली नाहीं. घरांतलें दुःख दाराशीं उभें असतां ते सारे अरण्यांत निघून गेले. टीकाकार याला पोरकटपणा म्हणत आले आहेत. मींही पुष्कळ वर्षें तसेंच म्हटलें.

त्या दुपारीं मीं 'मंजुघोषे'ची प्रस्तावना वाचली. लहानपणीं प्रस्तावना कोण वाचतो? तीं पानें ओलांडूनच आम्ही गोष्टीला लागत असूं. रिसबुडांनीं तेथें आपली अडचण कोणताही आडपडदा न ठेवतां सांगितली आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, कीं आम्हां हिंदु लोकांच्या विवाहाच्या रीतीमुळें आणि दुसऱ्याही कांहीं कारणांनीं आमच्या आयुष्यांत मन गुंतेल असे गुण नाहींत आणि दुर्गुणही नाहींत; रोज अनुभवास येतें तेंच लिहावें तर त्यांत गोडी उरत नाहीं; तेव्हां मनोरंजक ग्रंथ करावयाचा तर अद्भुताचीच कांस धरावी लागते. दारिद्र्य नव्हे, पारतंत्र्य नव्हे. सर्वांच्या अगोदर त्यांनीं विवाहाच्या रीतीचें नांव घेतलें. मीं तीं वाक्यें दोनदां वाचलीं, आणि मघांचें हंसूं जरासें ओशाळलें.

प्रेमाची गोष्ट लिहावयाची तर दोन माणसें लागतात, आणि त्या दोघांचें पुढें काय होणार हें ठरून गेलेलें असूं नये. १८६८ सालीं पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांत अशीं दोन माणसें आणावयाचीं कोठून? स्मृतिकारांनीं आठ वर्षांची मुलगी गौरी, नऊ वर्षांची रोहिणी, दहा वर्षांची कन्या अशीं नांवें ठेविलीं. त्यापुढच्या वयाला जें नांव आहे तें केवळ शरीरधर्माचें. नऊ-दहा वर्षांपर्यंत लेक आणि त्यानंतर सून. मधलें वय असें कांहीं नव्हतेंच. म्हणजे शरीराला तें येत असे, पण घरांत त्याला बसावयास पाट नव्हता. मुलांची गोष्ट फारशी वेगळी नव्हती. इंग्रजी शाळेच्या वरच्या इयत्तांत बसणारीं कितीतरी मुलें लग्न झालेलीं असत. कायद्याची मजल पाहावी तर १८६०च्या दंडसंहितेंत संमतीचें वय दहा वर्षें. १८९१ सालीं तें बारा झालें, तेंही केवढें रण माजल्यानंतर! विवाहासाठीं मुलीचें वय चौदा ठरविणारा सारडा कायदा तर १९२९ सालचा.

अशा काळीं रिसबुडांना नायिका हवी होती ती वयांत आलेली आणि अविवाहित. म्हणून तिला राजवाडा बांधून द्यावा लागला. तशी मुलगी ठेवावयास आमच्या कल्पनेंत एकच जागा शिल्लक होती, ती म्हणजे संस्कृत कथेंतलें कन्यांतःपुर. गुहा, तपस्वी, औषधि हें सारें मागाहून आलेलें सामान. या पुस्तकांतली खरी अद्भुत गोष्ट मला दहाव्या वर्षीं दिसलीच नव्हती. ती गोष्ट म्हणजे नायिकेचें वय. मला ती दिसणार तरी कशी? माझी थोरली बहीण त्या वेळीं अठरा वर्षांची होती, कॉलेजांत जात होती आणि तिच्या लग्नाची गोष्ट अजून कोणी काढली नव्हती.

हीं पुस्तकें तेव्हां वाचीत कोण, याचाही विचार मनांत आला. वाचतां येणाऱ्या स्त्रिया फार थोड्या. पुण्यास हुजूरपागेंतली मुलींची शाळा निघाली ती १८८४ सालीं. तेव्हां बहुसंख्य वाचक म्हणजे शाळा-कॉलेजांतले विद्यार्थी. दिव्याशीं बसून राजकन्येच्या पत्रावर उसासे टाकणारा तो सतरा वर्षांचा विद्यार्थी, आणि आंत सासूजवळ निजलेली त्याची दहा वर्षांची बायको, हें चित्र एकदां डोळ्यांपुढें आलें म्हणजे विरहवर्णनाची थट्टा करण्याची हौस कमी होते. त्याचा विरह खोटा नव्हता. जिचा विरह व्हावा ती मात्र जगांत कोठें नव्हती.

या लेखकांना सुधारक ठरविण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. 'मुक्तामालें'तली मुक्ता तर विवाहित पतिव्रता आहे आणि तिची सारी कसोटी पातिव्रत्याची आहे. दुसऱ्या कादंबऱ्यांतही नायिका ज्याला वरते तो बहुधा कुलशीलानें बापाच्याच पसंतीचा निघतो. सारें अरण्य पालथें घालून ती घरच्यांनीं निवडला असता असाच जांवई घेऊन येते. पण मधलीं तीनशें पानें ती कोणाची सून नसते, एवढें खरें.

पुस्तकाबाहेर तसें राहूं पाहणाऱ्या मुलीचें काय होत असे, तें मुंबईच्या हायकोर्टानें दाखविलें. रखमाबाईंचें लग्न अकराव्या वर्षीं झालें होतें. जाणत्या झाल्यावर त्यांनीं नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचें नाकारलें, तेव्हां दादाजी भिकाजी यांनीं १८८४ सालीं फिर्याद लावली. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं रखमाबाईंच्या बाजूनें निकाल दिला. अपिलांत तो फिरला, आणि १८८७ सालीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम केला. रखमाबाईंनीं कैद पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ सालीं पैसे देऊन तडजोड झाली, आणि पुढें त्या विलायतेंत शिकून डॉक्टर झाल्या. येथें ना मूर्च्छा आहे ना तपस्वी. पण नको त्या पुरुषापासून आपला देह राखणें हा जो या कादंबऱ्यांतला आवडता प्रसंग, तोच येथें साक्षी-पुराव्यानिशीं घडलेला आहे.

त्याच १८८५ सालीं एकवीस वर्षांचे हरि नारायण आपटे यांची 'मधली स्थिति' निघूं लागली. तिचा सांगाडा रेनॉल्ड्सच्या 'मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन'चा. रेनॉल्ड्स हा विलायतेंतला फार खपाचा कादंबरीकार. त्याच्या खून-कारस्थानांनीं आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या तरुणांना वेड लावलें होतें. पांच वर्षांनीं, १८९० सालीं, आपट्यांनीं 'करमणूक' हें साप्ताहिक काढलें आणि त्यांत 'पण लक्षांत कोण घेतो?' सुरू केली. तेथें अद्भुत संपलें आणि वास्तव आलें, असें आम्हांला शिकविण्यांत आलें. पुन्हां वाचतांना मला तसें दिसलें नाहीं. आपट्यांनीं जुनें नाट्य टाकून दिलें नाहीं. तें उचलून वाड्यांत आणून ठेविलें. शंकरमामंजी हा अरण्यांतल्या खलपुरुषाचा सख्खा भाऊ आहे. तो गुहेंत न राहतां ओसरीवर बसतो, इतकाच भेद. त्याला झाडाखालीं उभें राहून आपला बेत सांगण्याची गरज नाहीं, कारण त्याचा बेत म्हणजेच घरची रूढि. विधवा झालेल्या यमूच्या केशवपनाचा प्रसंग मी आजही सलग वाचूं शकत नाहीं. राजकन्येला पळवून नेणारे निदान रात्रीचे येत; यमूचे वैरी तिचे आप्त आहेत. आणि ही सारी कथा यमूच आपल्या तोंडानें सांगते. राजकन्येच्या विलापावर रडावयास शिकलेला जो वाचक रिसबुडांनीं आणि हळब्यांनीं तयार केला होता, तोच आपट्यांना आयता मिळाला. तो वाचक नसता तर यमूचें ऐकणारें कोण होतें?

आपट्यांनंतर अरण्यें ओस पडलीं असेंही नाहीं. 'वीरधवल' १९१३ सालची आहे. नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, यांना शिकारीचा नाद होता; सिंहगडावर कड्यावरून पडून त्यांचा कमरेखालचा भाग कायमचा लुळा झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनीं वाचलें आणि मग लिहिलें. त्यांच्या शूर वीरांचीं धाडसें वाचतांना मी लहानपणीं श्वास रोखून धरीत असें. तीं लिहिणाऱ्याला खोलीचा उंबरठा ओलांडणें दुर्घट होतें, हें मला कोणीं सांगितलें नव्हतें. सांगितलें असतें तर दहाव्या वर्षीं त्याचा कांहीं उपयोगही झाला नसता.

'वीरधवल' नवी होती तेव्हां आजी अठरा वर्षांची होती. तिचें लग्न नवव्या वर्षीं, १९०४ सालीं झालें; सोळाव्या वर्षीं तिच्या मांडीवर माझा थोरला काका होता. तिला अक्षरओळख सासरींच झाली, दिरांच्या जुन्या पुस्तकांवर. पेटींतल्या कादंबऱ्यांपैकीं किती तिनें स्वतः वाचल्या होत्या आणि किती मजकडून पहिल्यानेंच ऐकल्या, हें मीं कधीं विचारलें नाहीं.

आतां तो प्रश्न. कोणत्याही पुस्तकांत नायिका प्रथम आली, कीं मी तिच्या मुखचंद्राचें वर्णन घोळून घोळून वाचूं लागें, आणि आजी मध्येंच म्हणे, "ते राहू दे. तिचं वय काय लिहिलंय ग?" मी चिडें. वयाचा येथें काय संबंध? बहुधा तें लिहिलेलें नसे. मग आजी गप्प बसे, आणि मी मुखचंद्राकडे परतें. एकदां मात्र, पुस्तक कोणतें तें आतां आठवत नाहीं, वय छापलेलें होतें.

"सोळा," मीं सांगितलें.

"सोळा. आणि अजून बापाच्या घरी?"

"हो."

आजीनें पदरानें डोळे पुसले. मोतीबिंदूमुळें तिच्या डोळ्यांतून सारखें पाणी येई, म्हणून मीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. "वाच पुढे," ती म्हणाली.