रावढळच्या हवालदाराचा अर्ज

सावित्रीच्या खोऱ्यातील महाड आणि पोलादपूर ही गावे, आणि पोलादपुरापासून सह्याद्रीची भिंत चढून प्रतापगडाजवळून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट, या मुलखातून एकोणिसाव्या शतकात माणसे पोटासाठी सतत बाहेर पडत राहिली. भातखाचरे थोडी आणि डोंगरउताराची वरकस जमीन फार, अशी इथली शेती होती. महार समाजाच्या वाट्याला तर गावकीची वतनी कामे, म्हणजे सांगावा पोचवणे, सरकारी माणसाच्या दिमतीला राहणे, मेलेली गुरे ओढणे आणि त्याबदल्यात बलुत्याचे धान्य घेणे, एवढेच येत असे. या चाकोरीतून सुटण्याची एक खात्रीची वाट मुंबई इलाख्याच्या पलटणींतून जात होती, कारण तिथे रोख पगार होता, मुलांना पलटणीच्या शाळेत अक्षरओळख होती आणि चाकरी संपल्यावर पेन्शन होते.

नोकरी देणाऱ्याला काय हवे हे ओळखून आपल्या गतायुष्यातील नेमकी कोणती बाजू पुढे ठेवायची, हा प्रश्न या लोकांपुढे प्रथम उभा राहिला तो ही वाट बंद झाल्यावर. तोपर्यंत अर्जाची गरजच नव्हती. धडधाकट शरीर आणि पलटणीत असलेला एखादा नातलग एवढे भांडवल भरतीला पुरत असे. ईस्ट इंडिया कंपनी आणि पेशवे यांच्यातील 1 जानेवारी 1818 च्या लढाईनंतर कोरेगाव भीमा येथे उभारलेल्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची जी नावे कोरली आहेत, त्यांतील 22 नावे ‘नाक’ या शब्दाने संपतात, आणि हे ‘नाक’ त्या काळी महार पुरुषाच्या नावामागे लागणारे पद होते. त्या नावाने भरतीत अडथळा येत नसे, उलट नंतरच्या पिढ्यांना तेच नाव पुराव्यासारखे दाखवता आले.

1885 ते 1893 या काळात हिंदुस्थानी सैन्याचा सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स याने ‘लढाऊ जमातीं’चा सिद्धान्त लावून धरला, काही जाती व प्रांत जन्मानेच शूर आणि बाकीचे भरतीला नालायक, असा त्याचा मथितार्थ होता. पलटणींची रचना जातवार होऊ लागली आणि 1892 च्या सुमारास महारांची भरती थांबली. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांनी न्यायमूर्ती रानडे यांच्या साहाय्याने याविरुद्ध अर्ज केल्याचे सांगितले जाते. परंतु महाडच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा माणूस म्हणजे महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. 1886 मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झालेले वलंगकर दापोलीत स्थायिक झाले, तेथे त्यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ स्थापन केली आणि 1894 मध्ये लष्करभरती पुन्हा खुली व्हावी यासाठी विनंतीपत्र तयार केले. विनंतीपत्र म्हणजे एका समूहाने सरकारकडे मागणी मांडणारा, कारणे आणि दाखले यांनी भरलेला अर्ज.

याच लेखकाचे 1888 मधील ‘विटाळ विध्वंसन’ शेजारी ठेवले म्हणजे त्यांच्या मांडणीतील फरक लक्षात येतो. तेथे वाचक सवर्ण हिंदू होते, म्हणून अस्पृश्यतेला आधार कोठला, असे एकापाठोपाठ एक प्रश्न त्यांना घातलेले आहेत. 1894 मध्ये वाचक लष्करी अधिकारी होते आणि त्यांनी कसोटी कुळाची ठरवली होती, म्हणून पलटणीतील चाकरीबरोबरच आपले पूर्वज मुळात क्षत्रिय होते हा दावा पुढे आला. मालकाला जे मोजमाप मान्य त्याच मापात स्वतःला बसवण्याची ही शहाणी चाल होती खरी, पण तिच्यात एक उणेही होते: शौर्य जन्मावर ठरते ही रॉबर्ट्सची मूळ धारणा तिने वादाबाहेर ठेवली. (ज्या मंडळीच्या नावातच ‘अनार्य’ होते तिने क्षत्रियत्व सांगावे, यातील विसंगती तेव्हाच्या कोणाला खुपली असेल की नाही, कोण जाणे.) वलंगकरांची 1895 मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, परंतु भरतीचे दार उघडले नाही.

1910 मध्ये पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे पाठवलेल्या अर्जाचा रोख याहून वेगळा होता. त्यात मोठ्या राजकीय हक्कांची अपेक्षा नव्हती. पोलीस आणि लष्कर यांतील अगदी तळच्या जागा मागितल्या होत्या, आणि त्या साम्राज्याची समान प्रजा या नात्याने मागितल्या होत्या. मागणी लहान आणि आधार मोठा, असा हा बेत होता. तोही कागदावर राहिला. 1917 मध्ये ‘111 वी महार’ ही पलटण उभी राहिली ती महायुद्धात माणसे कमी पडू लागल्यामुळे, आणि युद्ध सरताच 1921 मध्ये ती मोडलीही गेली. मालकाची निकड आणि अर्जाची धार यांतील कोणते वजन जड होते हे यावरून स्पष्ट दिसते.

19 मार्च 1927 रोजी महाडच्या परिषदेत, चवदार तळ्यावरील मोर्चाच्या आदल्या दिवशी, डॉ. आंबेडकरांनी अध्यक्षीय भाषणात दापोलीच्या पेन्शनरांची आठवण काढली आणि लष्करातील चाकरीने या भागातील अस्पृश्यांना शिक्षण व मान कसा दिला, भरती बंद झाल्याने काय गेले, हे सांगितले. येथे जुनी चाकरी अर्जाच्या कागदातून निघून जाहीर सभेत आली होती, आणि ऐकणारा आता साहेब नव्हता. दुसऱ्या महायुद्धाने भरतीची निकड पुन्हा निर्माण केली. जुलै 1941 मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आलेल्या आंबेडकरांनी ती संधी साधून मागणी लावून धरली, आणि त्याच वर्षी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या शिपायांच्या टोपीवरील पहिल्या बिल्ल्यात कोरेगावचा तो स्तंभ होता.